विमलच्या वाट्याचं एन्झाइम

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर हातात पेन्सिल घेऊन. कुठे वेळ जुळत नाही, कुठे खिडकी आधी बंद असते आणि नंतर तिच्यातूनच गार वारा येतो... अशा जागांखाली रेघ मारायची मला खोड आहे. आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, निम्मे दिवस प्रयोगशाळेत गेले. भूत, चकवा, झपाटणं यांतल्या कशावर माझा कधीच विश्वास नव्हता आणि आजही ते शब्द वापरायला मी तयार नाही. तेव्हा माझ्या मजकुराखाली कोणी रेघा मारल्या तर मला अजिबात राग येणार नाही.

हे लिहितेय मुख्यतः माझ्या नातवंडांसाठी, ईरा आणि निहारसाठी. दोघंही फार लांब आहेत. ईरा स्वतः प्रयोगशाळेत काम करते. फोनवर तिला हे सांगितलं तेव्हा ती एका शब्दात मोकळी झाली – "कंटॅमिनेशन, आजी." मी म्हटलं, आधी नीट लिहून पाठवते, मग बोल. लिहायला बसले तर बरंच लांबलं, म्हणून इथेही देते.

आधी जागा. चिखलीला आमच्या कॉलेजच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडला लागून दोन खोल्यांची प्रयोगशाळा आहे. बाहेरची खोली लिहिण्याबसण्याची, आतली कामाची. आतल्या खोलीला दुसरं दार नाही, खिडकीला पक्की जाळी आहे. आत जायचं तर बाहेरच्या खोलीतूनच, आणि त्या खोलीचं एकुलतं एक दार दोन पायऱ्यांवर उघडतं. हे लक्षात ठेवा.

तिथे आम्ही संत्र्याच्या झाडांची विषाणूसाठी तपासणी करतो. संत्र्याला ट्रिस्टेझा नावाचा रोग होतो. त्यातली वाईट गोष्ट अशी की जंबेरी लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर, बांधलेलं झाड कित्येक वर्षं हिरवंगार राहतं, फळं देतं, आणि आत रोग बाळगून असतं. अशा झाडाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, काढून नव्या खुंटावर भरला की ते कलम जन्मापासूनच आजारी. म्हणून शहाणे नर्सरीवाले डोळे काढण्याआधी मातृवृक्षांची पानं आमच्याकडे आणतात.

हा विषाणू आरएनएचा. आमच्या यंत्राला आरएनए चालत नाही, डीएनए लागतो. त्यामुळे आरएनएवरून डीएनएची नक्कल उतरवून घ्यावी लागते, आणि ते काम करणारं एन्झाइम मूळचं उंदराच्या एका विषाणूचं आहे. त्याचा जीन जंतूंमध्ये घालून ते कारखान्यात तयार करतात. ईरा, तुझ्या भाषेत रीकॉम्बिनंट व्हायरल पॉलिमरेझ. बोटाच्या पेराएवढ्या नळीच्या तळाशी थेंबभर येतं आणि उणे वीस अंशांवर ठेवावं लागतं. ते घातलं नाही तर पुढे काही होत नाही. थोडंसं होतं, अर्धवट होतं असंही नाही – काहीच होत नाही.

आता विमल.

विमल मूळची दुसरबीडची, लग्न होऊन चिखलीला आलेली. आमच्याकडे आली ती काचसामान धुवायला. बारावी झालेली होती आणि हातातलं काम संपलं की माझ्या मागे उभी राहून बघायची. एक दिवस विचारलं, हे तुमी येवढं जपून काय घालता? मी सगळं समजावून सांगितलं. उंदीर, विषाणू, जंतू, कारखाना. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "उंदराचा रोग जंतूच्या पोटात पिकवला अन् संत्र्याच्या तपासाले आनला. मॅडम, हे बाहेर कोनाले सांगू नका. लोक आपल्या इथलं पानी पेनार नाहीत."

पुढे ती पिपेट धरायला शिकली आणि वर्षभरात तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर झाला. मग आमची कामाची वाटणी आपोआप ठरून गेली. सगळं मिश्रण मी करायचं, नळ्यांत वाटायचं, झाकणं उघडी ठेवून उठायचं. हात धुऊन मी बाहेरच्या खोलीत चहा टाकायला यायची. आत विमल फ्रीझरमधून एन्झाइम काढून बर्फावर आणणार, प्रत्येक नळीत घालणार, झाकण लावणार आणि नळीला नखाने हलकेच टिचकी मारणार. हे एन्झाइम जोरात हलवलं तर बिघडतं, म्हणून फक्त टिचकी. टिक... टिक... अशा जितक्या नळ्या तितक्या टिचक्या मला बाहेर ऐकू यायच्या. शेवटची वाजली की ती हाक मारायची, "झालं हो मॅडम," आणि हात पुसत चहाला यायची.

एकोणीस वर्षं असं चाललं. या एकोणीस वर्षांत मी माझ्या हाताने ते एन्झाइम एकदाही घातलं नाही. फ्रीझरकडे गेले तरी ती हटकायची, "तुमी नका हात लावू, तुमच्या हातानं ते गरम होते." स्टाफरूममध्ये यावर गंमत चालायची. एक सर एकदा तिच्यादेखत म्हणाले, पीएच.डी. मॅडम चहा करतात आणि एन्झाइम घालते बारावी पास. विमल म्हणाली, "सैपाक कोनीबी करते सर, मिठाले हात लागते." त्यानंतर त्या सरांनी तो विषय काढला नाही.

उन्हाळ्यात लाइट गेली की आम्ही फ्रीझरवर गोधड्या टाकायचो. एका मे महिन्यात दोन दिवस लाइट नव्हती, तेव्हा विमलने कुल्फीवाल्याकडून बर्फ आणला, त्यात नळी पुरली आणि डबा मांडीवर घेऊन एसटीने खामगाव गाठलं. तिथे माझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे मोठा फ्रीझर होता. कंडक्टरने विचारलं, डब्यात काय आहे. "औषध हाये, संत्र्याचं." त्याने तो डबा खाली ठेवायला लावला नाही, उलट पुढची सावलीतली सीट दिली. परत आल्यावर ती हे सांगताना इतकी हसली की तिला ठसका लागला. ते हसणं मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. आठवणीत, म्हणजे. त्यात अमानवीय काही नाही.

गेल्या उन्हाळ्यात विमल गेली. झोपेतच. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, तरी आठवड्यातून तीन दिवस प्रयोगशाळा उघडत होते ती तिच्या जोरावर. ती गेल्यावर फ्रीझर मीच रिकामा केला. जुनं, उघडलेलं एन्झाइम नियमाप्रमाणे नष्ट केलं. म्हणजे त्या इमारतीत त्या एन्झाइमचा थेंबही उरला नाही. मग कुलूप लावलं आणि सहा-सात महिने तिकडे फिरकले नाही.

डिसेंबरात अमडापूरच्या शेवंताबाई घरी आल्या. साठीच्या आहेत, एकट्या नर्सरी चालवतात. त्यांच्याकडे संत्र्याचे चार मातृवृक्ष आहेत, आणि त्यांतलं विहिरीजवळचं पहिलं झाड त्या कलम बांधायला शिकल्या त्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं. नर्सरीतली बहुतेक कलमं त्याचीच लेकरं. खुंट तयार होते, डोळे भरणारे कारागीर वरुडहून यायचे होते आणि आठ दिवसांत पुढच्या गावी जायचे होते. शेजारच्या तालुक्यात रोग निघाल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. पहिल्या झाडात रोग असेल तर ते तोडावं लागणार, खुंट त्या वर्षापुरते वाया जाणार, आणि आजवर लोकांना दिलेली कलमं डोळ्यांपुढे नाचत राहणार. त्या म्हणाल्या, "झाड तोडा म्हना, तोडतो. पन अंदाजानं नका सांगू."

मी एन्झाइम मागवलं. थर्मोकोलच्या डब्यात ते आलं, बर्फाचा पॅक अजून कडक होता. बंद पाकीट तसंच फ्रीझरमध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला काम सुरू केलं. एकटीने. सात नळ्या होत्या. चार शेवंताबाईंच्या झाडांच्या, आणि पडताळ्यासाठी एक पक्क्या रोगी झाडाची, एक पक्क्या निरोगी झाडाची, आणि एकीत नुसतं पाणी. पानांच्या शिरांतून आरएनए काढता काढता एक वाजला. मग मिश्रण केलं, सातही नळ्यांत वाटलं. आणि उठले.

मी हात धुतले, बाहेर आले, चहा टाकला. कप घेऊन पायरीवर बसले. डिसेंबरातलं दुपारचं ऊन छान असतं. सायकल स्टँडवर दोन मुली कुठल्याशा परीक्षेबद्दल भांडत होत्या. मला आठवतं की मी अगदी निवांत होते, कित्येक महिन्यांत नव्हते इतकी. आत टिचक्या वाजत होत्या.

मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. इथे कोणीतरी पेन्सिल उचलेल म्हणून सांगते – मी घाबरले नाही, अंगावर काटा आला नाही, ती विमल आहे असंही मनात आलं नाही. घरात घड्याळ वाजतं ते कानावर पडतं, तसं ते पडत होतं. ते थांबल्यावर मी कप विसळला आणि आत गेले. सातही नळ्यांची झाकणं लागलेली होती. मी त्या उचलून यंत्रात ठेवल्या.

तासाभराने त्यातला थोडा थोडा भाग घेऊन दुसरी पायरी सुरू केली. त्यासाठी वेगळं, साधं एन्झाइम लागतं, तेही नवंच मागवलं होतं. ते नेहमी मीच घालत असे, तेव्हाही मीच घातलं. साडेपाचला जेल, म्हणजे डीएनए ज्यात पट्ट्यांसारखा दिसतो ती वडी, दिव्याखाली धरली. झाडांच्या सहाही नळ्यांत झाडाचा स्वतःचा पट्टा होता. नमुना चांगला आहे हे कळावं म्हणून तो बघतात, आणि तोही नक्कल झाल्याशिवाय येत नाही. पाण्याची नळी कोरी. विषाणूचा पट्टा पक्क्या रोगी झाडात होता, आणि शेवंताबाईंच्या चौथ्या, नाल्याकडच्या झाडात. पहिलं, दुसरं, तिसरं स्वच्छ.

मी लगेच शेवंताबाईंना फोन केला. पहिल्या झाडाचे डोळे खुशाल काढा, फक्त नाल्याकडच्या झाडाला हात लावू नका. त्यांनी तिथूनच कारागिरांना हाक मारून उद्या सकाळचं सांगितलं.

मग आवरायला घेतलं. उरलेलं सामान ठेवायला फ्रीझर उघडला तर समोर नक्कल उतरवणाऱ्या एन्झाइमचं पाकीट होतं. बंद. कंपनीने चिकटवलं तसं, चारही कडांनी.

मी स्टुलावर बसले. आधी स्वतःलाच वेड्यात काढलं, त्याचंच दुसरं पाकीट असेल म्हणून डबा शोधला. नव्हतं. पिपेटला दर वेळी नवं टोक लावावं लागतं, ती वापरलेली टोकं मोजली. माझ्या कामाला लागली तेवढीच होती, एकही जास्त नाही. मग सकाळपासूनचं सगळं एकेक करून आठवलं आणि माझ्या लक्षात आलं की मी मिश्रण वाटलं आणि उठले. कारण पुढचं काम माझं नव्हतंच. एकोणीस वर्षं नव्हतं. झाकणंही मी लावली नव्हती. आणि आत कोणी गेलं असेल म्हणावं तर दाराच्या पायरीवर मीच बसले होते.

बाहेर अंधार पडला होता. सगळ्यात सोपं होतं गप्प बसणं. पट्टे स्पष्ट होते, शेवंताबाई निश्चिंत झाल्या होत्या. पण एन्झाइमशिवाय आलेल्या निकालावर मी कोणाला झाड राखा किंवा तोडा म्हणू शकत नाही. पुन्हा फोन लावला आणि सांगितलं, उद्या डोळे काढू नका, माझं चुकलं आहे.

"काऊन? आता तं हो म्हन्ल्या तुमी."

मी खरं ते सांगितलं. मुख्य वस्तू घालायचीच राहिली, तरी निकाल आला, आणि तो कसा आला ते मला कळत नाही. त्या म्हणाल्या, "तुम्हाले कळत नाही, अन् मी मानसाईले काय सांगू?" त्यांचा आवाज चिडलेला नव्हता, थकलेला होता. ते मला जास्त लागलं.

सकाळी पहिल्या गाडीने त्या आल्या आणि पायरीवर बसल्या. वरुडचे कारागीर त्यांना म्हणाले होते, मॅडमले आता चष्म्यासंगं डोकंबी बदलाले लागन. त्यांनी ते मला जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द कमी न करता. मी म्हटलं, खरंच आहे. आदल्या दिवशीचाच आरएनए घेतला, मिश्रण केलं, वाटलं. आणि मग पाकीट फोडलं. नळी बर्फावर ठेवली आणि झाकण उघडलं. पहिल्या नळीत घालायला मला तीनदा प्रयत्न करावा लागला. शेवंताबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "विमलताई घाले ना हे?"

मी मान हलवली.

"मंग काल तिनंच घातलं असन," त्या म्हणाल्या. आज बाजार भरला असेल, अशा सुरात. आणि पदराने चष्मा पुसायला लागल्या.

दुपारी जेल दिव्याखाली धरली. तेच पट्टे, त्याच जागी. पहिलं झाड स्वच्छ, चौथं रोगी. आधीच्या दिवसाचा फोटो शेजारी ठेवला तर कुठला कोणता ते तारीख पाहिल्याशिवाय मला सांगता आलं नसतं. मी छापील निकाल शेवंताबाईंच्या हातात दिला. त्या चहाला थांबल्या नाहीत, त्यांना तीनची गाडी गाठायची होती. त्याच संध्याकाळी त्यांनी नाल्याकडचं झाड तोडलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या झाडाचे डोळे काढले. वरुडच्या कारागिरांची एकच दिवसाची खोटी झाली.

ईरा, आता तुझं कंटॅमिनेशन. कुठून तरी आधीचा डीएनए आत शिरला असता तर तो पाण्याच्या नळीतही दिसला असता, आणि नेमका त्याच एका झाडात दिसला नसता ज्यात खरोखर रोग होता. तू म्हणालीस की त्या दुसऱ्या, साध्या एन्झाइमलाही किंचित तशी नक्कल करता येते. तेही पाहिलं. पुढच्या आठवड्यात तेच नमुने, तेच मिश्रण, विषाणूचं एन्झाइम मुद्दाम न घालता. जेल कोरी निघाली. सातही घरं काळी, पक्क्या रोगी झाडाचंसुद्धा.

ती तपासणी मी शास्त्रासाठी केली असं नोंदवहीत लिहिलं आहे. ते अर्धंच खरं आहे. नळ्या उघड्या ठेवून मी उठले, हात धुतले, चहा केला आणि पायरीवर जाऊन बसले. नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. चहा गार होऊन त्यावर साय आली. आत काहीही वाजलं नाही, आणि शेवटी मीच जाऊन झाकणं लावली.

कारण मला आजही सापडलेलं नाही. ज्यांना भूत म्हणायचं त्यांनी म्हणावं, ज्यांना म्हातारीचा विसराळूपणा म्हणायचा त्यांनी तो म्हणावा. मात्र मग ते बंद पाकीट कुठे बसवायचं तेही सांगावं.

एक गोष्ट उरली होती. आमच्या नोंदवहीत प्रत्येक तपासणीला एक पान असतं. दुसऱ्या दिवसाचं पान पूर्ण झालं, त्यावर माझी सही आहे, शेवंताबाईंना दिलेला निकाल त्याच पानाचा. पहिल्या दिवसाच्या पानावर नियमाप्रमाणे एकच गोष्ट करता येत होती. मी लाल शाईने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली आणि लिहिलं – रद्द, एन्झाइम घातलेले नाही. ते बरोबरच केलं, पुन्हा वेळ आली तरी तेच करीन. पण रेघ अर्ध्यावर आली तेव्हा हात थांबला. त्या पानावरचा एकूण एक निकाल बरोबर होता. मी मोठ्याने म्हटलं, "विमल, माफ कर गं," आणि उरलेली अर्धी रेघ पूर्ण केली.